उरलेल्या गोळ्यांचा खण

(अप्पर इजिप्त, नाईलकाठचं एक शहर. औषधशास्त्र महाविद्यालयाची प्रयोगशाळा, सकाळचे नऊ. इनास इथे पीएचडी करते. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा आहे; डॉ. मुशीरा तिच्या मार्गदर्शक. बखीत इथला शिपाई, बावीस वर्षांपासूनचा. बायको जाऊन त्याला एकोणीस दिवस झालेत. हातातला थर्मास तो काही केल्या खाली ठेवत नाही.)

इनास : काका, तुम्ही आधी ऐकून तरी घ्या. ही काही दवाखान्याची लॅब नाही. मी दिलेल्या कागदाला बाहेर कोणी विचारत नाही.

बखीत : कोर्टात नेतो म्हणालो का मी? शुक्रवारी नमाज झाली की शेखच्या ओट्यावर निवाड्याला बसायचंय. तिथं चालतो. विद्यापीठाचा शिक्का दिसला की आमच्याकडची माणसं उठून उभी राहतात.

इनास : आणि त्या थर्मासात काय आहे?

बखीत : बर्फ. बर्फात हाशिमच्या आईचा प्लाझ्मा.

इनास : प्लाझ्मा? तुम्ही?

बखीत : बावीस वर्षं इथली फरशी पुसतोय, बाई. नुसतं रक्त आणलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता गोठलंय, घेऊन जा. दवाखान्यात माझा मावसभाऊ रक्त काढायला असतो. तिला आत घेतलं तेव्हा त्यानं दोन नळ्या काढल्या, जांभळ्या टोपणाच्या. एक त्यांनी तपासली. दुसरी मी म्हटलं फिरवून घे, वरचं पाणी वेगळं काढ, गोठवून ठेव. त्याला वाटलं याचं डोकं फिरलं. बायको आत चाललीय आणि हा नळ्या मोजतोय.

इनास : पण का ठेवायला सांगितलंत? तेव्हा तर ती...

बखीत : तेव्हा होती. फिट थांबत नव्हती, एक संपायच्या आत दुसरी. आणि तिचा थोरला भाऊ दवाखान्याच्या दारात माझी गचांडी धरून विचारत होता, गोळ्या कितीला विकल्यास?

इनास : असं म्हणाला?

बखीत : अजून म्हणतोय. चार वर्षं तिला एक फिट आली नव्हती. चार वर्षं. मग बाजारातनं औषध गेलं. सहा महिने कुठल्या दुकानात ती गोळी मिळत नव्हती, तुम्हालाही माहितीय. तो म्हणतो, कुठंच नव्हती तर तू कुठून आणलीस? मी म्हटलं, कॉलेजातून. तर म्हणतो, कॉलेज काय औषधाचं दुकान आहे? आता त्याला आपल्या खणाचं काय सांगू? तुम्ही दहा-वीस गोळ्या कुटता, मोजता, उरलेल्या पट्ट्या खालच्या खणात पडतात, ज्याला नड असेल त्यानं न्यायच्या. थोरल्या प्राध्यापकांच्या काळापासूनची रीत आहे ही. बाहेरच्याला सांगितलं तर चोरी वाटते.

इनास : हं.

बखीत : चाळिसावा दिवस झाला की तिच्या माहेरचे मुलांना घेऊन जाणार आहेत. हाशिम आणि धाकटी, दोघांना. आई गेली की मुलं आईच्या आईकडं, कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. म्हातारीनं स्वतः म्हटलं, राहू देत बापाजवळ, तरच राहतील. आणि ती कधी म्हणेल? मी तिच्या लेकीला औषध दिलं हे पटेल तेव्हा. सकाळी एक, संध्याकाळी एक, भाकरीच्या घासाबरोबर, माझ्या हातानं दिलंय. रक्तात असेलच ना ते?

इनास : नमुना खराब झाला असेल, काका. एकोणीस दिवस झाले.

बखीत : गोठलेला महिनाभर टिकतो. तुम्हीच त्या मुलींना शिकवत होता, मी मागं खिडक्या पुसत होतो.

इनास : आज माझं गुरुवारचं सगळं राहिलंय. यंत्राचा दिवा तापायलाच वीस मिनिटं लागतात...

बखीत : दिवा मी आल्या आल्या लावलाय.

इनास : काका...

बखीत : मी कधी काही मागितलंय तुमच्याकडं?

इनास : नाही.

बखीत : मग?

इनास : द्या इकडं. नळीवर चिठ्ठी कुठंय?

बखीत : चिठ्ठी नाही लावली. लिहा, हाशिमची आई.

इनास : खरं नाव लागेल.

बखीत : बदरिया. बदरिया अब्दुल-मौजूद. परक्यासमोर कधी घेतलं नव्हतं हो. कसंतरीच वाटतं.

इनास : लिहिलं. बसा तुम्ही.

बखीत : उभाच बरा. तुम्ही करा. बघायची सवय आहे मला. आता यात थोडं स्पिरीट घालाल, मग ते दुधासारखं फाटेल, मग फिरवाल.

इनास : हो.

बखीत : आणि मग बाकी सगळं पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. तुम्ही यायच्या आधी इथं ते वासाचे कॅन असायचे. नाव घ्यायलासुद्धा जीभ वळायची नाही. संध्याकाळी मी ते मागच्या कालव्यात ओतायचो. दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून. हाताची साल निघायची माझ्या, कांद्यासारखी. तुम्ही आलात आणि म्हणालात, काका, आता पाण्यातच मोजायचं, निळा उजेड पाडायचा आणि चमक बघायची.

इनास : जरा सरका, उजेड अडतोय.

बखीत : घरी जाऊन सांगितलं मी. म्हटलं, आमची एक पोरगी पाण्यात औषध मोजते, कुणाला विष होत नाही. तर ही म्हणाली, नाव काय तिचं? पाचही नमाजांना दुआ करीन तिच्यासाठी. करायची हो. माझ्यासमोर करायची.

इनास : काका, थोडा वेळ बोलू नका.

बखीत : बरं.

(इनास नळी यंत्रात ठेवते, निळा उजेड पडतो.)

बखीत : आली का चमक?

इनास : थांबा. पुन्हा बघते.

बखीत : पुन्हा?

इनास : तिसऱ्यांदा. तीनदा घ्यायची असते.

बखीत : किती आलं?

इनास : दोन.

बखीत : दोन म्हणजे चांगलं की वाईट?

इनास : आठ असायला हवं होतं. दोन गोळ्या रोज, तिचं वजन, सगळं धरून आठच्या आसपास.

बखीत : म्हणजे चार द्यायच्या तिथं एक दिली मी.

इनास : तसं...

बखीत : तसंच होतं ना? आठाचे दोन. शाळेत नाही गेलो तरी एवढं येतं मला. भाऊ काय म्हणेल, हे घ्या, शिपायानंच आणलेला पुरावा. तीन विकल्या, एक दिली.

इनास : तुम्ही सगळ्या दिल्यात. मला माहीत आहे.

बखीत : तुम्हाला कसं माहीत? तुम्ही काय माझ्या घरात होता?

डॉ. मुशीरा : काय चाललंय सकाळी सकाळी? इनास, तुझ्या प्रबंधाची चित्रं अजून छापून आली नाहीत. आणि बखीत, तू इथं काय करतोस? चाळिसाव्यापर्यंत सुट्टी घे म्हटलं होतं ना तुला मी?

बखीत : घरी बसून काय करू, बाई?

डॉ. मुशीरा : तेही खरं. चहा आण बरं माझ्यासाठी. तुलाही कर. चेहरा बघ कसा झालाय तो.

बखीत : आणतो.

डॉ. मुशीरा : गेला का? दार लोट. हा कागद कसला? बदरिया कोण?

इनास : त्यांची बायको. तिचा प्लाझ्मा आहे. दोन आलंय, मॅडम. आठाच्या जागी दोन.

डॉ. मुशीरा : मग? गोळ्या देत नसेल. गरिबी आहे, महागाई आहे. आपण कशाला त्यात?

इनास : पहिल्या बॅचला गोळीत किती आलं होतं, आठवतं तुम्हाला?

डॉ. मुशीरा : पहिली बॅच आपण धरलीच नाही.

इनास : सव्वीस आलं होतं. शंभराला सव्वीस. गोळीत पाव औषध, रक्तात पाव औषध.

डॉ. मुशीरा : पद्धत तेव्हा नवीन होती. गोळी चुकत नाही, पद्धत चुकते, हे पहिल्या वर्षीच शिकवलंय मी तुम्हाला.

इनास : हो. म्हणून मी पाणी बदललं, दिवा बदलला, आठ दिवस झोपले नाही. तरी सव्वीस. मग तुम्ही म्हणालात, दुसरी बॅच आण. आणली. तीच पद्धत, तोच दिवा, तेच पाणी, आणि नव्याण्णव पॉइंट सहा. मग चुकलं कोण, मॅडम?

डॉ. मुशीरा : हळू बोल.

इनास : पहिल्या बॅचच्या उरलेल्या पट्ट्या मी खणात टाकल्या होत्या. काकांनी विचारलं, नेऊ का? मी वर न बघता म्हटलं, न्या.

डॉ. मुशीरा : त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं.

इनास : त्या दिवशी नव्हतं. चार दिवसांनी होतं. नव्याण्णव आलं तेव्हा एक क्षण डोक्यात आलं, मग त्या खणातल्यांचं काय? एकच क्षण. मग तुम्ही मला मिठी मारलीत, आणि मी विसरले. लाज वाटते सांगायला, पण मी खरंच विसरले. इतका आनंद झाला होता मला.

डॉ. मुशीरा : बस खाली. बस, पोरी. आता नीट ऐक. गुरुवारी बाहेरून तीन परीक्षक येतायत. त्यांनी विचारलं, ती पहिली बॅच वहीत का नाही, तर काय सांगशील?

इनास : तुम्ही ती चार पानं काढायला सांगितलीत.

डॉ. मुशीरा : आणि काढलीस तू.

इनास : हो.

डॉ. मुशीरा : पाच वर्षं गेलीत तुझी यात. पर्यावरणाला किती अपाय होतो त्या तक्त्यात सगळे रकाने हिरवे आलेत, असं काम या विभागात कुणाचं नाही. एका सदोष बॅचसाठी सगळं पाण्यात घालणार? आणि त्या बॅचचे डबे मी ओळखीनं मागवले होते. कारखान्याशी भांडण ओढवून घ्यायची ताकद आहे का आपल्यात? झाकली मूठ सव्वा लाखाची.

इनास : आणि काकांना काय सांगू?

डॉ. मुशीरा : काही सांगू नकोस. कागदावर सात लिही. आठ नको, बरोब्बर आठ खोटं दिसतं. सात लिही, मी शिक्का मारते. म्हातारीचं समाधान, मुलं बापाजवळ. तू दोन लिहिलंस तर मुलं गेलीच म्हणून समज. सांग बरं, कुठल्या आकड्यात त्याचं भलं आहे?

इनास : सात लिहिलं तर त्यांना वाटेल, गोळी चांगली होती.

डॉ. मुशीरा : वाटू दे की. देवाची मर्जी म्हणेल, रडेल, पुढं जाईल. माझा नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी मला खरं सांगितलं होतं. दोन तास आधी आणला असतात तर वाचला असता. काय केलं मी त्या खऱ्याचं? अकरा वर्षं उशाला घेऊन झोपतेय. तुला काय वाटतं, खरं सांगणं म्हणजे नेहमी उपकारच असतात?

इनास : मला नाही माहीत.

डॉ. मुशीरा : मला माहीत आहे. डीनकडं जाऊन येते दहा मिनिटांत. कागद तयार ठेव.

(इनास कोरे कागद ओढून लिहू लागते.)

बखीत : बाई गेल्या? त्यांच्या दोन चमचे साखर घातली होती. तुम्ही घ्या मग.

इनास : काका, बसा.

बखीत : शिपाई प्रयोगशाळेत बसत नसतो.

इनास : आज बसा. हे दोन कागद आहेत. एकावर सात लिहिलंय, एकावर दोन. सातचा खोटा आहे. तो घेतलात तर शुक्रवारी कोणी काही बोलणार नाही.

बखीत : आणि दोनचा?

इनास : दोनचा खरा आहे. पण त्याच्याखाली मी आणखी लिहिलंय. तुम्ही नेलेल्या पट्ट्या कुठल्या बॅचच्या, त्यांच्यात औषध किती भरलं. पाव. शंभराच्या जागी सव्वीस. तुम्ही चारही दिल्यात, काका. चारांत मिळून औषधच एकीचं होतं.

बखीत : पुन्हा सांगा.

इनास : गोळ्या पोकळ होत्या. तुम्ही न चुकता दिल्यात, आणि त्या पोकळ होत्या.

बखीत : मला कळलं नसतं ते. दिसायला तशाच होत्या. मधे चीर, एका बाजूला आकडा.

इनास : तुम्हाला कसं कळणार?

बखीत : तुम्हाला केव्हा कळलं?

इनास : तुम्ही नेल्यावर चौथ्या दिवशी. मंगळवार होता.

बखीत : मंगळवारी तर तुम्ही बसबूशाची मिठाई वाटलीत सगळ्यांना.

इनास : हो.

बखीत : मी दोन तुकडे घेतले. एक रुमालात बांधून घरी नेला. तिनं विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, आमच्या इनासबाईंची गोळी बरोबर भरली.

इनास : मला तेव्हा तुमच्याकडं धावत यायला हवं होतं. पळत. पायऱ्या उतरून तुम्हाला गाठायला हवं होतं. मी परातीतला शेवटचा तुकडा कोण घेतं यावर हसत होते. मला काहीतरी बोला, काका.

बखीत : काय बोलू? तुमच्या बापाच्या वयाचा आहे मी. शिवी दिली तर तोंडातनं निघणार नाही, आणि माफ केलं म्हटलं तर ते खरं नाही.

इनास : नका करू माफ.

बखीत : सव्वीस दिवस खाल्ल्या तिनं त्या. शेवटच्या आठवड्यात म्हणत होती, डोळ्यांपुढं काहीतरी लकाकतं. मी म्हटलं, झोप होत नाही तुझी, गोळी घे आणि पड. गोळी घे म्हटलं. वर पाण्याचा पेलाही धरला मीच. हा सातचा ठेवून घ्या तुमच्याकडं. फाडा नाहीतर बाईंना द्या. मला दोनचा द्या.

इनास : नक्की? त्यात धोका आहे. त्यांना गोळीचं पटलं नाही, तर नुसता दोन तेवढा लक्षात ठेवतील.

बखीत : ठेवू देत. तिच्या आईला मी खोटा आकडा दाखवू? तिनं पोर दिली होती मला.

इनास : मग मी येते शुक्रवारी. माझ्या तोंडानं सांगते.

बखीत : ओट्यावर बाईमाणूस येत नाही.

इनास : मग आत येते, म्हातारीकडं. तिला सांगते की मला माहीत होतं.

बखीत : ती तुम्हाला सोडणार नाही. फार कडक आहे म्हातारी. छाती बडवून शिव्या घालेल.

इनास : घालू दे.

बखीत : आणि तुमचा गुरुवार?

इनास : ती चार पानं मी काढली होती, फाडली नव्हती. घरी आहेत. वहीत परत चिकटवून नेणार आहे. पुढं परीक्षक बघतील.

बखीत : पाच वर्षं गेली तुमची इथं.

इनास : मोजू नका आता.

बखीत : शिक्का?

इनास : शिक्का मुशीरा मॅडमकडं असतो. याच्यावर त्या मारणार नाहीत. माझी सही आहे, आणि खाली माझा नंबर, पत्ता सगळं लिहिलंय.

बखीत : बिनशिक्क्याचा कागद घेऊन ओट्यावर जायचं तर. बघू. तुम्ही आत म्हातारीशी बोला, मी बाहेर बोलतो.

इनास : काका, एक विचारायचंय. मी पहिल्या बॅचचे सहा डबे उघडले होते. माझं झाल्यावर खणात नऊ पट्ट्या होत्या. तुम्ही सगळ्या नेल्यात?

बखीत : सगळ्या. मीच नेल्या, दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही काळजी नका करू.

इनास : नऊ पट्ट्या म्हणजे नव्वद गोळ्या. रोज दोन, सव्वीस दिवस, बावन्न झाल्या. बाकीच्या कुठं आहेत? घरी असतील तर एक पट्टी मला लागेल. परीक्षकांना दाखवायला तेवढाच पुरावा उरलाय.

बखीत : घरी नाहीत.

इनास : टाकल्यात?

बखीत : औषध कुणी टाकतं का या दिवसांत? ती गेल्यावर आठव्या दिवशी दिल्या. तिच्या नावानं दान म्हणून. भाकरी सगळेच वाटतात. मी म्हटलं, जे मिळत नाही ते देऊ.

इनास : कुणाला, काका?

बखीत : फाटकावरच्या शाबानला. त्याच्या आईलाही फिट येतात. दोन महिने पोरगा दुकानं हिंडत होता. पट्ट्या हातात ठेवल्या तर माझा हात धरून रडला. म्हणाला, हाशिमची आई स्वर्गात गेली बघ.

इनास : फोन करा त्याला. आत्ता करा. म्हणावं एकदम बंद करू नकोस, चांगल्या बॅचच्या दोन पट्ट्या माझ्या कपाटात आहेत, मी आत्ता घेऊन येते. ऐकताय ना?

बखीत : करतोय. लागला... शाबान? मी बखीत. काही नाही रे, सकाळी तू फाटकावर दिसला नाहीस म्हणून. आई कशी आहे?